रॉक बँडवरचं कॉमिक काढतोय, आवाज कागदावर कसा आणू?

गोदामातला ड्रमर (सांगली):
आमचा चौघांचा रॉक बँड सहा वर्षं चालला, मी ड्रमवर. आता त्याच दिवसांवर कॉमिक काढतोय, ४८ पानांचं, काळं-पांढरं. ३१ पानं पेन्सिलीत झालीत आणि तिथंच अडकलोय.

प्रॅक्टिस हळदीच्या गोदामात चालायची, बेसवाल्याच्या मामांच्या. तिन्ही बाजूंनी पोत्यांच्या थप्प्या, त्यामुळं आवाज बाहेर जायचा नाही. पण पहिला ठोका मारला की स्नेअरच्या, म्हणजे पुढ्यातल्या छोट्या ड्रमच्या, कातड्यावरनं हळदीची पूड वर उठायची. काठ्या पिवळ्या, नखं पिवळी. आई विचारायची, "रोज कुणाच्या हळदीला जाऊन येतोस रे?"

गाणी आमची आम्हीच बांधलेली, मराठीत. वर्षाला चार-पाच प्रोग्रॅम मिळायचे, बहुतेक कॉलेजांच्या गॅदरिंगचे. दुसरं गाणं संपायच्या आत खालनं ओरडा सुरू व्हायचा, "नाचायचं काहीतरी वाजवा!" पुढं गिटारवाला ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या घ्यायला लागला. भांडण असं झालं नाही, पण चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात गोदामात ओल येते म्हणून मी किट गावभागातल्या घरी आणून ठेवलं. ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ च्या वर गेली. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर बेस ड्रमच्या प्लायचे थर सुटून पापुद्र्यासारखे लोंबत होते. घमेलं आणि खराटा घेऊन सगळ्यात आधी कोण आलं असेल, तर तो गिटारवाला. दोन दिवस त्यानं माझ्या घरातला गाळ उपसला. बँडबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आता अडचण सांगतो. शोच्या पानांवर मी 'धाड', 'ठाक', 'झँग' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, पण बघताना मारामारीच चालल्यासारखं वाटतं. गाणं ऐकूच येत नाही. काय करू? आणि गिटारवाल्याचं जाणं कसं दाखवू? मला राग आला होता हे खरं आहे, ते लपवायचं नाही.

मिरजेचा तारवाला:
आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे बनतात. जवारी लावताना, म्हणजे घोडीवर तारेचा आवाज जुळवताना, आम्ही कानानं ऐकतोच, पण डोळाही तारेवर असतो. छेडलेली तार दोन्ही टोकांना गप्प असते आणि मधे फुगते, एकीच्या दोन दिसतात. आवाज दिसतो तो असा. तुमच्या प्रश्नात तर तो लिहूनच ठेवलाय की! ठोका पडल्यावर हळद उठते ना? तीच काढा. हळू वाजवताना बोटभर, जोरात वाजवताना तुमच्या तोंडापर्यंत. एकही 'धाड' लिहू नका.

अक्षरजुळणी:
तारवाल्यांचं पटलं. त्यात भर घालतो, कारण मी छपाईतला माणूस आहे. एक जादा रंग घ्या, पिवळा, आणि तो हळदीशिवाय कुठंही वापरू नका. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. म्हणून पिवळा येणारी पानं फॉर्मच्या, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या मोठ्या कागदाच्या, एकाच बाजूला बसतील असं आधीच प्रेसवाल्याशी बोलून ठरवा, खर्च आवाक्यात राहील. पुराच्या पानावर पिवळा टिपूसही नको. पिनेच्या बांधणीला पानं चारच्या पटीत लागतात, ४८ ला अडचण नाही.

आणि संवादाचे फुगे आधी काढून त्यात मजकूर कोंबू नका. आधी मजकूर मांडा, मग त्याभोवती फुगा काढा. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार. दोन ओळींत जागा सोडली नाही तर ते एकमेकांत घुसतात.

कीबोर्डवाला, तासगाव:
मी तुमच्या गिटारवाल्याच्या बाजूचा आहे, कारण मीही ऑर्केस्ट्रातच वाजवतो. लग्नसराईतल्या दोन सुपाऱ्यांत माझं महिन्याचं घरभाडं निघतं. 'विकला गेला' असं कृपा करून काढू नका. पहाटेच्या एसटीनं परत येताना गिटारची बॅग मांडीवर घेऊन बसलेला, बोटांची सालं गेलेला माणूस काढा. तुमचा राग तुमच्या चेहऱ्यावर दिसू दे, त्याच्यावर ओतू नका.

गोदामातला ड्रमर:
सगळ्यांचे आभार. तारवाले काका, शोची नऊ पानं पुसून नव्यानं काढली. शेवटच्या शोच्या पानावर फक्त स्नेअर, दोन काठ्या, वर उठलेली पूड आणि कोपऱ्यात गिटारवाल्याची गिटार. ती पूड मी टूथब्रशनं शाई उडवून काढलीय, छपाईत पिवळी येईल. पुराच्या पानावर एकही शब्द नाही, त्याचं घमेलं आणि माझे चिखलातले पाय एवढंच.

कीबोर्डवाले दादा, तुमचं वाचून एसटीचं एक पान वाढवलं आणि माझ्या रडगाण्याचं एक काढून टाकलं.

काल सगळी पानं घेऊन गिटारवाल्याकडं गेलो. एसटीच्या पानावर तो बराच वेळ थांबला, काही बोलला नाही. मग मागं जाऊन शेवटच्या शोचं पान काढलं, कोपऱ्यातल्या त्याच्या गिटारवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "त्या दिवशी माझी सगळ्यात बारीक तार तुटली होती. तू सहाच्या सहा काढल्यायस."

आज ती पुसली.