मोटरींवर सेन्सर बसले, पण अलर्ट बघायचा कोणी?

दुसरी_पाळी_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी. आमच्याकडे पंप, ब्लोअर आणि कन्व्हेयरच्या मोटरींवर वायरलेस सेन्सर बसवलेत. कंपन आणि तापमान मोजतात, गेटवेतून सर्व्हरवर जातं, मर्यादा ओलांडली की ग्रुपवर मेसेज. सुरुवातीला सगळे हौसेने बघायचे. आता मेसेजचा इतका मारा होतो की बहुतेकांनी ग्रुप म्यूट केलाय.

मध्यंतरी एका ब्लोअरचं बेअरिंग जाम झालं. नंतर पाहिलं तर अलर्ट येऊन पडलेला होता. जास्त लागलं ते वेगळंच. ऑपरेटरला आवाज बदललेला कळला होता. "आता सेन्सर आहे ना, सिस्टिमला कळेल," म्हणून तो कोणाशी बोलला नाही.

वरून असं ठरतंय की एआयवालं सॉफ्टवेअर घ्यायचं, मग तेच काय ते सांगेल. तुम्ही मर्यादा कशा ठरवता? अलर्ट कोणाला जातो?

कंपनवाचक

ऑपरेटरचं ते वाक्य तुम्ही इथे लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमचं खरं दुखणं तिथेच आहे. सॉफ्टवेअरचं मागाहून बघू.

मी कंपन विश्लेषण करते, हातात मीटर घेऊन एकेका मशीनपाशी जायचे त्या काळापासून. रीडिंग महिन्यातून एकदा, म्हणजे मधले सगळे दिवस मशीनजवळच्या माणसावर भिस्त. राउंडला गेलं की आधी त्यालाच विचारायचं, काय म्हणतंय मशीन? "सुरू होताना कुंथतं." "तापलं की वाजतं." "लोड काढला की घरघर जाते." अशा उत्तरांत निम्मं निदान असतं. तापल्यावर कंपन वाढत असेल तर मी आधी अलाइनमेंट (मोटर आणि मशीनचे शाफ्ट एका रेषेत आहेत का) तपासते, कारण गरम होऊन मशीनचं अंग वाढतं आणि कपलिंगची, म्हणजे दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाची, रेघ सरकते. सेन्सर आले की राउंड बंद पडतात आणि राउंडबरोबर ही विचारपूसही. आकडे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येतात, पण माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. माझ्या मते या तंत्रज्ञानाने आपल्या कामात केलेला सगळ्यात मोठा बदल हा आहे आणि खरेदी करताना त्याचा विचार कोणीच करत नाही.

आता मर्यादांकडे येऊ. तुमचा सेन्सर बहुधा कंपनाच्या वेगाचा एकच आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आकडा पाठवतो, मिलिमीटर प्रति सेकंदमध्ये. आयएसओ २०८१६ या कंपनाच्या मानकातले चांगलं-वाईट ठरवणारे झोन याच आकड्यावर बेतलेत. असंतुलन, बिघडलेलं अलाइनमेंट, ढिले फाउंडेशन बोल्ट त्यात छान पकडले जातात. बेअरिंगची सुरुवातीची खराबी मात्र त्यात बुडून जाते. साधं ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. आत ९ बॉल. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर, लोडखाली, मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. बाहेरच्या रेसवर (बॉल जिच्यावर फिरतात त्या कडीवर) बारीक खड्डा पडला तर शाफ्टच्या एका फेऱ्यात त्यावरून सरासरी ३.५८ बॉल जातात. सेकंदाला ८६ ठोके. खड्डा आतल्या रेसला असेल तर १३०. हे ठोके इतके हलके असतात की एकूण आकडा जागचा हलत नाही. एन्व्हलप स्पेक्ट्रम (सिग्नलमधले बारीक ठोके वेगळे काढून ते सेकंदाला किती पडतात हे दाखवणारा आलेख) काढला की ८६, १७२, २५८ वर रेघा उभ्या राहतात, तेव्हा शंका उरत नाही. म्हणून पुरवठादाराला सरळ विचारा: कच्चा सिग्नल साठवता का, आणि किती हर्ट्झपर्यंत? याचं उत्तर नीट मिळत नसेल तर वरून कुठलंही एआय लावा, ते त्याच एका आकड्यावर डोकं चालवणार.

आणि मोटर सुरू होतानाचं रीडिंग तुलनेत धरू नका. निम्मे खोटे अलर्ट तिथेच जातील.

माऱ्याबद्दल एक जुनी घटना सांगते. २४ जुलै १९९४ ला वेल्समध्ये मिलफर्ड हेवनच्या टेक्सको रिफायनरीत स्फोट झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. उपकरणं तर बोलत होती, पण कोणत्या अलार्मकडे आधी धावायचं हे त्या गदारोळात कळणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यानंतर अलार्म व्यवस्थापनाच्या मार्गदर्शिका आल्या, २००९ मध्ये आयएसए १८.२ हे मानक आलं. त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा विचार हा की, ज्यावर कोणाला काही करायचंच नाही तो अलार्म असूच नये. तो नोंद म्हणून राहू दे, फोन वाजवू नका. तुमच्या ग्रुपवरचा एकेक अलर्ट घ्या आणि विचारा, हा आला तर कोण उठणार आणि काय करणार? नाव लिहिता आलं नाही तर तो ग्रुपवरून काढा.

गेटवे_आणि_पीएलसी

मॅडमचं पटलं. माझ्या बाजूची एक भर: न बोलणाऱ्या सेन्सरचा अलर्ट लावलाय का? बॅटरी संपली की डॅशबोर्डवर शेवटचा आकडा हिरवाच राहतो आणि सगळे निर्धास्त. गेटवे एमक्यूटीटी या निरोप पोचवणाऱ्या प्रोटोकॉलवर बोलत असेल तर सोय आयती आहे. हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाला, जिथे लाइन तुटणं नेहमीचंच. म्हणून त्यात 'लास्ट विल' आहे. उपकरण जोडलं जातानाच ब्रोकरकडे (मधल्या निरोप वाटणाऱ्या सर्व्हरकडे) निरोप ठेवतं की मी अचानक गायब झालो तर हे सगळ्यांना कळव. पण याने फक्त गेटवे गेल्याचं कळतं. त्यामागच्या प्रत्येक सेन्सरसाठी 'इतका वेळ डेटा नाही' असा वेगळा नियम लावावा लागतो.

शिवाय १८८३ पोर्टवर उघडा ब्रोकर ठेवू नका, ८८८३ वर टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) घ्या. आणि सेन्सरचं नेटवर्क पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) नेटवर्कपासून वेगळं ठेवा. पीएलसीशी बोलायचा मॉडबस प्रोटोकॉल १९७९ चा आहे, समोरचा कोण हे तो विचारतच नाही.

लाइनवाला

मी मशीन चालवतो, म्हणून आमची बाजू सांगतो. आम्ही बोलत नाही याचं कारण सेन्सर एकटाच नाही. सांगितलं की 'बघतो' म्हणतात. पुढे बेअरिंग बदललं का, काय निघालं, काही कळत नाही. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा कशाला सांगेल? आमच्या इथे आता टॅबलेटवर मशीन निवडून बोलायचं असतं, ते मराठीतच लिहून घेतं. टायपिंग नाही म्हणून जुनी माणसंही सांगतात. पण खरा फरक पडला तो फिटर त्याच नोंदीखाली फोटो टाकायला लागला तेव्हा. एकदा पिंजरा (बॉल जागेवर धरणारा भाग) तुटलेल्या बेअरिंगचा फोटो आला. मी 'खडखडतंय' म्हटलं होतं ते हेच. तेव्हापासून तो आवाज आला की मी वाट बघत नाही, लगेच सांगतो.

कंपनवाचक

लाइनवाले दादा, तुमची ही पोस्ट प्रत्येक मेंटेनन्स मॅनेजरने वाचायला हवी. आणि एआयचा मुद्दाही यातच आला. चांगल्या चालवलेल्या प्लांटमध्ये बिघाड थोडे होतात, त्यामुळे मॉडेलला शिकायला उदाहरणंच कमी मिळतात. बहुतेक मॉडेलं 'हे नेहमीपेक्षा वेगळं आहे' एवढंच सांगू शकतात. वेगळं म्हणजे काय, हे बेअरिंग उघडल्यावर कोणी लिहिलं तरच साठत जातं. तुमची 'खडखडतंय' ही नोंद, तो फोटो आणि त्या तासाचा सिग्नल एकाच ठिकाणी असेल तर तो डेटा सोन्याच्या मोलाचा आहे.

दुसरी_पाळी_मेंटेनन्स

सगळ्यांचे मनापासून आभार. अलर्टपुढे नावं लिहायला आजच बसलो, बऱ्याच अलर्टपुढे नाव सुचत नाहीये. ऑपरेटरशीही बोललो, आवाज त्याने अगदी नेमका सांगितला. एक शंका राहिली: आमचे ब्लोअर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) आहेत, वेग सतत बदलतो. मग तुलना कशाशी करायची?

कंपनवाचक

प्रत्येक रीडिंगबरोबर ड्राइव्हमधून वेग नोंदवा आणि एकाच वेगपट्ट्यातली रीडिंग एकमेकांशी ताडून बघा. ८६ चा आकडा १४४० फेऱ्यांचा आहे, १२०० ला तो ७२ च्या खाली येईल. स्पेक्ट्रम हर्ट्झऐवजी शाफ्टच्या फेऱ्यांच्या पटीत काढलात तर बाहेरच्या रेसची रेघ कुठल्याही वेगाला ३.५८ वरच सापडेल. सिग्नल घेतला जात असताना मात्र वेग स्थिर हवा, नाहीतर रेघ पसरते. आणि त्या ऑपरेटरला विचारा, आवाज कोणत्या वेगाला जास्त येत होता. रीडिंग आधी त्याच वेगाला घ्या.