मदत हवी आहे: ‘कॉन्कर’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. माझं बालपण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या एका खेड्यात गेलं; बाबा तिथे डॉक्टर होते. साताऱ्याच्या मामेबहिणीने फारच मागे लागून त्या आठवणी मराठीत लिहायला बसवलंय, आणि शब्दांपाशी गाडी अडतेय.

शाळेतलं दूध सोपं गेलं. पाइंटच्या तिसऱ्या हिश्श्याची काचेची बाटली, थंडीत वरचं दूध गोठलेलं. १९७१ साली सरकारने सात वर्षांपुढच्या मुलांचं फुकट दूध बंद केलं, तेव्हा मला हायसंच वाटलं!

अडलंय ते कॉन्करपाशी. ही हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाची तपकिरी, तुकतुकीत बी. सप्टेंबर-ऑक्टोबरात काटेरी बोंडातून गळते. तिला भोक पाडून बुटाची नाडी ओवायची, खाली गाठ मारायची. मग एकाने लोंबती धरायची, दुसऱ्याने आपल्या बीने ती फोडायची. दादा त्या बिया व्हिनेगरमध्ये मुरवून टणक करायचा (लबाडीच ती). नुसतं ‘चेस्टनट’ लिहिलं तर लोकांना खायचं वाटेल, आणि ही तर विषारी. सागरगोटा जवळचा वाटतो, पण त्याचा खेळ वेगळाच.

कॉन्कर तसंच ठेवू का? आणि शेताकडेच्या ‘हेज’ला कुपाटी चालेल?