रोजचा फोंडा-पणजी प्रवास आणि रविवारचा चोर्ला घाट : हेल्मेट कोणत्या प्रकारचे घ्यावे?

फोंडेकर

नमस्कार. मी फोंड्याला राहतो आणि सोमवार ते शनिवार बाणस्तारीमार्गे पणजीला मोटरसायकलने नोकरीला जातो. जाऊन-येऊन सुमारे 60 किलोमीटर होतात. रविवारी तिघे-चौघे मित्र मिळून साखळी, केरीवरून चोर्ला घाट चढतो, कधी मोलेवरून अनमोडला जातो. गाडी 350 सीसीची आहे आणि वेग ताशी 80 किलोमीटरच्या वर क्वचितच जातो.

माझे सध्याचे हेल्मेट ओपन-फेस, म्हणजे हनुवटी उघडी ठेवणारे आहे. सहा वर्षांच्या वापरानंतर त्याचे अस्तर सैल पडले आहे, आणि काचेवर इतके ओरखडे आहेत की रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरून दिसतो. नवीन घ्यायचे हे ठरले आहे, पण प्रकार ठरत नाही. एक मित्र हनुवटीसकट सगळे तोंड झाकणारे फुल-फेस घे म्हणतो, दुसरा हनुवटीचा भाग वर उचलता येणारे मॉड्युलर सुचवतो, आणि तिसऱ्याने चोच असलेले ड्युअल-स्पोर्ट घेतले आहे, ते दिसायलाही मला आवडले. मला चष्मा आहे. पावसाळ्यात घाटात काच आतून धुरकट होते, तेव्हा हेल्मेट आणि चष्मा दोन्ही काढून पुसावे लागतात. आठवड्यातून दोनदा तरी पत्नी मागे बसते, तिच्यासाठीही घ्यायचे आहे. दोन्ही मिळून आठ-नऊ हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. आपापल्या अनुभवावरून मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सत्तरीकर

फोंडेकरबाब, आपण प्रश्नात रस्ता, वेग आणि चष्मा हे सगळे लिहिले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझे मत स्पष्ट आहे : आपल्यासारख्या प्रवासाला फुल-फेस घ्यावे.

तीन वर्षांपूर्वी उसगावच्या पुढे, पहिल्या पावसाने रस्ता निसरडा झाला असताना, माझी गाडी वळणावर घसरली. वेग चाळीसच्या आतच होता. मी डाव्या कुशीवर पडलो आणि दोन-तीन मीटर घसरत गेलो. ते हेल्मेट मी अजून माळ्यावर ठेवले आहे. त्याच्या डोक्यावरच्या भागावर ओरखडासुद्धा नाही, पण चिन बारच्या, म्हणजे हनुवटीपुढच्या पट्टीच्या डाव्या बाजूला बोटभर रुंद पट्टा घासून आतला पांढरा थर दिसतो आहे. ओपन-फेस घातले असते तर त्या जागी माझा जबडा होता. माणूस पडताना डोक्याचा माथा नेमका जमिनीला लागेल असे गृहीत धरता येत नाही. तोंड, हनुवटी आणि गाल हेही तितक्याच सहज डांबराला लागतात, आणि ओपन-फेसची पातळ काच त्या वेळी फारशी उपयोगी पडत नाही.

ड्युअल-स्पोर्टबद्दल लिहितो, कारण मी स्वतः ते दोन वर्षे वापरले आहे. त्याची चोच कच्च्या वाटेवर पुढच्या गाडीने उडवलेली माती आणि झाडांच्या फांद्या अडवते, उन्हाची तिरीपही डोळ्यांवर येऊ देत नाही. सत्तरीच्या आतल्या वाटांवर मला तिचा उपयोग झाला. परंतु महामार्गावर वेग वाढला की तीच चोच वारा पकडते, मान मागे खेचली जाते आणि तासाभरात खांदे भरून येतात. आपल्या रोजच्या रस्त्याचाही विचार करा. सकाळी आपण फोंड्याहून पणजीला, म्हणजे पश्चिमेकडे जाता, आणि संध्याकाळी पूर्वेकडे परतता. दोन्ही वेळा सूर्य पाठीशी असतो. पणजीला राहून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या माणसाला मात्र सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांवर घ्यावे लागते, त्याने चोचीचा किंवा आतून खाली ओढायच्या गडद काचेचा विचार जरूर करावा. गडद मुख्य काच कोणीच घेऊ नये. जुलैच्या दुपारी घाटात इतका अंधार होतो की तिच्यातून खड्डा दिसत नाही.

आणखी एक. माझ्या अपघातानंतर तो घासलेला पट्टा सोडला तर ते हेल्मेट धडधाकट दिसत होते, तरी मी दुसऱ्याच आठवड्यात नवीन घेतले. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबून धक्का शोषतो. तो पुन्हा फुगत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी तिथे संरक्षण उरत नाही.

म्हापसेकर

मी गेली बारा वर्षे हेल्मेट विकतो, म्हणून दुकानाच्या बाजूने चार गोष्टी सांगतो. येणारा ग्राहक आधी रंग बघतो, मग प्रकार, आणि माप सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा हवा.

शिंप्याची टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. हेल्मेटच्या आत 580, 600, 620 असे आकडे लिहिलेले असतात. ते डोक्याचा घेर मिलिमीटरमध्ये सांगतात. घेर जुळला तरी डोक्याचा आकार जुळेलच असे नाही. कोणाचे डोके वरून बघितले तर गोल असते, कोणाचे पुढून-मागे लांबट. गोल हेल्मेट लांबट डोक्यावर घातले की कपाळाच्या मधोमध टोचते आणि कानांच्या वर पोकळी राहते. म्हणून पंधरा मिनिटे हेल्मेट घालून दुकानातच बसा. काढल्यावर कपाळावर एकाच ठिकाणी लाल खूण उठली असेल तर ते आपले नव्हे. गाल नव्या हेल्मेटमध्ये थोडे दाबले गेलेच पाहिजेत, कारण गालाच्या गाद्या काही आठवड्यांत बसतात. पट्टा बांधून मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे उलटण्याचा प्रयत्न करा. ते सहज निघून आले, तर अपघातातही निघेल.

मॉड्युलर हा चष्मेवाल्यांना सोयीचा प्रकार आहे, हे मी मान्य करतो, कारण चष्मा न काढता ते घालता येते. पण त्यात बिजागरी आणि कुलूप येते, वजन वाढते, आणि स्वस्तातल्या मॉड्युलरमध्ये ते कुलूपच पहिल्यांदा सैल होते. आपल्या खर्चात दोन हेल्मेटे बसवायची आहेत, तेव्हा कमी दर्जाच्या मॉड्युलरपेक्षा चांगले फुल-फेस घ्यावे, असे मी माझ्या भावालाही सांगेन. ज्यांना मॉड्युलरच हवे आहे त्यांनी युरोपच्या ईसीई मानकाची खूण असेल तर ती वाचावी. तिच्यात पी हे अक्षर असले तर हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे, एनपी असले तर तो संरक्षण देत नाही, आणि पी व जे दोन्ही असले तर उघड्या आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत चाचणी झालेली आहे. दोन्ही अक्षरे नसलेले मॉड्युलर वर उचलून गाडी चालवू नये.

आपल्या देशात आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. 1 जून 2021 पासून त्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवता किंवा विकता येत नाही, आणि त्याचे मानक आयएस 4151 हे आहे. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकला की कोणाचा परवाना आहे आणि तो चालू आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या कळते. रस्त्याच्या कडेला अमेरिकेच्या डॉट मानकाचा नुसता स्टिकर लावलेली हेल्मेटे मिळतात. त्या स्टिकरवर विसंबू नका.

मडगावचा पायलट

वरील दोघांचे म्हणणे पटते, पण सगळ्यांनाच फुल-फेस हा सल्ला पूर्ण नाही असे मला वाटते. मी पिवळ्या मडगार्डची गाडी, म्हणजे भाड्याची मोटरसायकल टॅक्सी चालवतो; आमच्याकडे अशा चालकाला पायलट म्हणतात. दिवसाला पंचवीस-तीस फेऱ्या होतात, त्यातल्या बहुतेक दोन-तीन किलोमीटरच्या, आणि प्रत्येक फेरीला गिऱ्हाइकाशी बोलून भाडे ठरवावे लागते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्टेशनबाहेर फुल-फेस घालून उभे राहणे मला जमले नाही. मी प्रयत्न केला, आणि चौथ्या दिवसापासून ते आरशाला टांगलेलेच राहिले. आज मी हनुवटीपर्यंत लांब काच असलेले, आयएसआय चिन्हाचे ओपन-फेस वापरतो आणि प्रत्येक फेरीला पट्टा बांधतो. गावातल्या गावात, तीस-चाळीसच्या वेगाने, दिवसभर उन्हात फिरणाऱ्याला हे चालेल. फोंडेकरभाऊंचा रस्ता मात्र लांबचा आणि अवजड गाड्यांचा आहे. त्यांच्या जागी मी असतो तर फुल-फेसच घेतले असते.

आरशाला टांगण्यावरून सांगतो. मी तेव्हा रोज ते आरशाच्या टोकावर अडकवत होतो. महिन्याभराने अस्तर काढून बघितले तर आतल्या थर्माकोलला आरशाच्या टोकाने गोल खळगा पाडलेला होता. आता मी हेल्मेट सीटवर उलटे न ठेवता गाडीच्या कुलपाच्या कडीला पट्ट्याने अडकवतो.

सत्तरीकर

पायलटदादा, आपले म्हणणे योग्य आहे, मी शहरातल्या छोट्या फेऱ्यांचा विचार केला नव्हता. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2008 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे अपघातग्रस्त चालकाच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा डोक्यावर असलेल्या हेल्मेटचा आहे, तेव्हा आपण जे बांधून वापरता तेच आपल्यासाठी बरोबर.

डिचोलीची वाचक

फोंडेकरदादा, वहिनींच्या हेल्मेटबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे चालकासाठी चांगले हेल्मेट घेतात आणि मागे बसणारीला गाडीबरोबर मिळालेली टोपी देतात. गाडी पडली तर दोघेही त्याच रस्त्यावर पडणार. मोटर वाहन कायद्याच्या 129 व्या कलमातही मागे बसणाऱ्याला वेगळी सवलत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आणि तेही पट्टा बांधलेले हवे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 1000 रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

मी रोज पतीच्या मागे बसून जाते. सुरुवातीला अंबाडा सावरण्यासाठी एक माप मोठे हेल्मेट घेतले होते. ब्रेक लागला की ते पुढे सरकून भुवयांवर येत असे आणि मला रस्ता दिसत नसे. आता मी मानेजवळ सैल वेणी घालते आणि हेल्मेट माझ्याच मापाचे आहे. देवळात जाताना आबोलीची फाती (गजरा) माळायची असली तर ती डब्यात नेते आणि तिथे पोचल्यावर माळते. मागे बसणारीला वजनाचाही त्रास जास्त होतो, कारण समोरचे दिसत नसल्यामुळे खड्ड्यासाठी मान आधी आवळता येत नाही. म्हणून वहिनींना दुकानात बरोबर न्या, आणि एकाच मापाची दोन हेल्मेटे असतील तर हातात घेऊन हलके ते निवडा. शिवाय पूर्ण बंद हेल्मेटे दोघांनी घातली की चढावर एकमेकांवर आपटतात; मी थोडी मागे सरून बसायला शिकले, तेव्हा ते थांबले.

म्हापसेकर

धुरकट काचेचे उत्तर राहून गेले होते. काचेच्या आतल्या बाजूला दोन खुंट्या असतील तर तिथे पिनलॉक, म्हणजे वाफ रोखणारी जादा आतली काच बसते. तिच्या कडेचा मऊ सिलिकॉनचा कडा मुख्य काचेला चिकटतो आणि दोघींच्या मध्ये कोरडी हवा अडकते, त्यामुळे उच्छ्वासाची वाफ मुख्य काचेवर जमत नाही. नाकावरचा छोटा पडदा हेल्मेटबरोबर आला असेल तर तो काढून फेकू नका, वाफ खाली वळवण्याचे काम तोच करतो. चष्म्यावरची वाफ मात्र पिनलॉकने जात नाही. तिच्यासाठी काच एक खाच उघडी ठेवावी लागते. म्हणून पहिल्या खाचेवर स्थिर राहणारी काच बघून घ्या.

फोंडेकर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही दोघे दुकानात दीड तास होतो. माझ्या डोक्याचा घेर 59 सेंटिमीटर भरला. आवडलेले ड्युअल-स्पोर्ट दहा मिनिटांत कपाळाला टोचू लागले, म्हणून ते तिथेच ठेवले. दुसऱ्या कंपनीचे 600 मापाचे फुल-फेस वीस मिनिटे घालून बसलो, खूण उठली नाही, आणि चष्म्याच्या दांड्या गालाच्या गादीतल्या खाचेतून सरळ आत गेल्या. पिनलॉकच्या खुंट्या आहेत, काच पहिल्या खाचेवर थांबते. परवाना क्रमांक ॲपमध्ये तपासला, तो चालू आहे. पत्नीने 560 मापाचे, माझ्यापेक्षा हलके फुल-फेस घेतले. पट्टा बांधून मी ते मागून उलटण्याचा प्रयत्न केला तेव्हा तिची मानच पुढे आली, हेल्मेट जागचे हलले नाही.

एक शंका उरली आहे. जुन्या ओपन-फेसचे काय करावे? शेजारचा मुलगा कॉलेजला नेण्यासाठी मागतो आहे.

सत्तरीकर

त्याला देऊ नका, फोंडेकरबाब. सहा वर्षे जुने आणि सैल पडलेले हेल्मेट त्याच्या डोक्यावर बसणार नाही, आणि ते कधी कुठे आपटले होते हे आपल्यालाही आता आठवणार नाही. पट्टा कापून टाका, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार नाही, आणि त्या मुलाला मापाची टेप घेऊन दुकानात पाठवा.