वेल्ड-मॅप (कोणता जॉइंट कोणी, कधी वेल्ड केला त्याची नोंद) त्याच दिवशी भरला नाही, तर तो कागद ठेवायचा तरी कशाला?

आयसोवाला:
मागच्या प्रोजेक्टची गोष्ट. हायड्रोटेस्टच्या (लाइनमध्ये पाणी भरून दाबाने तपासण्याच्या) आधी टेस्ट पॅक, म्हणजे त्या लाइनच्या कागदांची फाइल, चाळत होतो. एका आयसोवर (लाइनच्या ड्रॉइंगवर) जॉइंट 14, वेल्डर डब्ल्यू-7, तारीख गौरी विसर्जनाची. आता डब्ल्यू-7 त्या आठवड्यात गावी गेलेला, गेटच्या रजिस्टरात त्याची सहीच नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तीन आठवड्यांचे जॉइंट एका रविवारी बसून 'भरून काढले' होते.

त्या जॉइंटची एक्स-रे फिल्म चांगली निघाली म्हणून निभावलं. नापास झाली असती तर बी 31.3 (पाइपिंगचा कोड) म्हणतं, त्याच वेल्डरचे आणखी दोन जॉइंट तपासा. कोणत्या वेल्डरचे? गणपतीला गेलेल्याचे? माझं म्हणणं एवढंच: फिटअपला (तुकडे जुळवून बसवताना) हीट नंबर (पाइपचं स्टील ज्या बॅचचं, तिचा नंबर) आणि वेल्ड झाल्यावर वेल्डरचा नंबर जॉइंटपाशी उभं राहूनच लिहायचा. संध्याकाळी कंटेनरमध्ये एसीत बसून नाही.

इंचडाया_ठेकेदार:
बोलायला काय जातं साहेब. आम्हाला पैसे इंच-डायावर (वेल्ड केलेल्या जॉइंटच्या व्यासाच्या इंचांवर) मिळतात, रकान्यांवर नाही. हायड्रोजनच्या लाइनला जो फॉरमॅट, तोच कूलिंग वॉटरला. पाणी आहे हो ते! 150 पीएसआयच्या आतलं, कॅटेगरी डी, म्हणजे कोडमधली कमी धोक्याची लाइन. कोडसुद्धा तिथे एक्स-रे मागत नाही, डोळ्यांनी बघा म्हणतो. तरी प्रत्येक जॉइंटला अकरा रकाने, आणि क्लायंटची सही मिळायला चार दिवस. मग रविवारी बसून भरणार नाही तर काय करणार?

आयसोवाला:
एक्स-रे नको, मान्य. पण वेल्डरची ओळख कॅटेगरी डीलाही सुटलेली नाही. कोड म्हणतो, जॉइंटवर खूण करा, नाहीतर रेकॉर्ड ठेवा. पाण्याच्या लाइनला अकराचे तीन रकाने करा, मी तुमच्या बाजूने क्लायंटशी भांडतो.

जुना_फिटर:
वेल्डरचं जाऊ द्या, आधी हीट नंबर सांभाळा. सहा मीटरच्या पाइपला नंबर असतो एका टोकाला. नवीन पोरगा नेमकं तेच टोक आधी कापतो, आणि उरलेले पाच मीटर अनाथ. मग कोणीतरी शेजारच्या पाइपचा नंबर पेंट मार्करने त्यावर ओढतो आणि मटेरियलचं सर्टिफिकेट 'जुळतं'. आमचे मिस्त्री कापायच्या आधी पुढच्या तुकड्यावर नंबर उतरवल्याशिवाय ग्राइंडर हातात देत नसत. अर्ध्या मिनिटाचं काम.

शटडाऊनकर:
तुम्ही सगळे कागदावरच भांडताय. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला गॅसची पाइपलाइन फुटली, 8 माणसं गेली. 1956 ची लाइन. रेकॉर्डवर 'सीमलेस', जमिनीतून निघाले अर्धवट वेल्ड केलेल्या शिवणीचे तुकडे. टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत 2005 साली दुरुस्तीनंतर अलॉय स्टीलच्या एल्बोच्या (वळणाच्या तुकड्याच्या) जागी कार्बन स्टीलचा बसला. दोन्ही दिसायला सारखेच. काही महिन्यांत हायड्रोजनने तो खाल्ला आणि आग लागली. रजिस्टरवरचा खर्च पीएमआय गनवर (धातूत काय काय आहे ते ओळखणाऱ्या यंत्रावर) करा. धातू खोटं बोलत नाही.

आयसोवाला:
धातू खोटं बोलत नाही, पण गनला सगळं ऐकूही येत नाही. एक्स-रेवाल्या पीएमआय गनला कार्बन दिसत नाही. 304 स्टेनलेस आणि कमी कार्बनचं 304एल तिला सारखेच. तिथे सर्टिफिकेट आणि हीट नंबरच लागतो. रूट (वेल्डचा पहिला थर) कोणी मारला, त्याचं क्वालिफिकेशन चालू होतं की सहा महिने ती प्रोसेस न केल्याने संपलं होतं, हे कोणती गन सांगणार? बाकी एल्बोचं पटलं. शटडाऊनमध्ये सुटे केलेले अलॉयचे तुकडे परत बसवण्याआधी गन लावलीच पाहिजे. आणि सॅन ब्रुनो तर माझाच मुद्दा सांगतं. कागद होता, पण पाइपशी जुळत नव्हता.

जुना_फिटर:
मोबाइलवर लगेच भरायचं अ‍ॅप आणलं होतं आमच्याकडे. पोरं सगळे जॉइंट चहाच्या टपरीवरून भरायची. अ‍ॅपमध्ये वेळ मात्र एकदम बरोबर!

इंचडाया_ठेकेदार:
😄 मग शेवटचं ऐका. टेंडर काढून बघा, बीओक्यूत (कामांच्या आणि दरांच्या यादीत) लिहिलेलं असतं, 'डॉक्युमेंटेशन: रेटमध्ये समाविष्ट'. तो शब्द काढा, दोन वेल्डिंग सेटमागे एका पोराचा पगार वेगळा द्या. उद्यापासून तो मार्कर आणि वही घेऊन जॉइंटपाशी उभा राहील, गौरी विसर्जनालाही.

आयसोवाला:
पुढच्या टेंडरच्या प्री-बिड मीटिंगला हे लेखी मागा. मी समोरच्या बाजूला बसलेला असेन, विरोध करणार नाही.