अवोकाडोची कोय रुजली, रोप उंच झालं. आता शेंडा खुडू का?

नमस्कार मंडळी,

कोयीपासून अवोकाडोचं रोप घरात वाढवलेल्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे.

कोय धुऊन, वरचं तपकिरी साल काढून, टूथपिक टोचून ग्लासच्या काठावर बसवली होती. चपटी बाजू पाण्यात, निमुळती वर. बरेच आठवडे काहीच हालचाल नव्हती. मग कोय उभी उकलली आणि फटीतून जाड पांढरं मूळ खाली उतरलं. कोंब त्यानंतर बऱ्याच उशिराने आला.

आता रोप वीतभराहून उंच आहे. एकच सरळ काडी, पानं फक्त शेंड्याकडे. मूळ ग्लासच्या तळाशी गोल गुंडाळलं गेलंय. काळजी वाटते ती खालच्या पानांची. त्यांची टोकं तपकिरी होऊन वाळताहेत. कड हाताला कुरकुरीत लागते, मधला भाग मात्र हिरवागार आहे. नवी पानं ठीक दिसतात.

कुंडीत कधी लावू? पानांना काय झालंय? आणि शेंडा खुडला तर फांद्या फुटतात असं ऐकलंय, पण एकुलता एक शेंडा खुडायला हात होत नाही. खुडायलाच हवा का?

प्रतिसाद १

कुंडीत आत्ताच लावा, मुळं भरपूर झाली आहेत. तळाला भोकं असलेली साधारण २० सेंमीची कुंडी पुरेल. फार मोठी घेतली तर माती ओलीच राहते आणि अवोकाडोला तेच सोसत नाही. त्याची मुळं उथळ असतात, त्यांना हवा लागते. साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा नावाचा मूळकुजीचा रोग या झाडाला हमखास गाठतो. म्हणून माती भुसभुशीत हवी: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडी जाड वाळू, थोडं कंपोस्ट. कोयीचा वरचा अर्धा भाग मातीच्या वर ठेवा, आणि कोय काढून टाकू नका. तिच्या दोन्ही दळांत साठा असतो, रोप अजून त्यावर जगतंय. बोटाचं पेरभर माती कोरडी लागली की मगच पाणी.

प्रतिसाद २

पानांचं लक्षण क्षारांचं वाटतंय. पाण्यातलं मीठ, विशेषतः क्लोराइड, अवोकाडोला फार लवकर बाधतं आणि ते जुन्या पानांच्या टोकांशी साठत जातं. पाणी उकळून हे क्षार जात नाहीत. पावसाचं किंवा आरओचं पाणी मिळालं तर उत्तम. कुंडीत गेल्यावर अधूनमधून एवढं पाणी द्या की खालून भरपूर वाहून जाईल. ताटलीत साचलेलं लगेच ओता. रासायनिक खत सध्या नको, तेही क्षारच. पान सगळंच पिवळं पडून मऊ लोंबलं तर मात्र ते जास्त पाण्याचं लक्षण समजा.

प्रतिसाद ३

शेंडा खुडा, पण आज नाही. शेंड्यातून ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक खाली उतरत असतं, ते बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तेच डोळे फुटतात. नाहीतर काडी छताकडे धावत राहते आणि खाली उघडीच राहते. मात्र कुंडीत लावणं आणि खुडणं एकदम करू नका. मातीत रुळून नवी पानं आली की स्वच्छ कात्रीने पानाच्या जरा वर कापा, खाली दोन-तीन पानं राहू द्या.

घरात पाळीव पक्षी किंवा ससे असतील तर कुंडी त्यांच्यापासून लांब ठेवा. पानांतलं पर्सिन त्यांना विषारी असतं.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार! पक्षी नाहीत, ससेही नाहीत. फळ हास जातीचं होतं. कधी धरलंच तर तसंच फळ मिळेल का?

प्रतिसाद ३

तसंच मिळणार नाही. बियांचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. हास हेसुद्धा कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास यांच्याकडे बियांपासून आलेलं एकच झाड होतं. १९३५ साली त्याचं पेटंट झालं, आणि जगातली सगळी हास झाडं त्याचीच कलमं. मूळ झाड २००२ साली मूळकुजीनेच गेलं. बियांच्या झाडाला फळ यायला पाच ते दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. घरातल्या कुंडीत बहुधा येतच नाही. फळच हवं असेल तर रोप पेन्सिलएवढं जाड झाल्यावर त्यावर कलम बांधता येतं.

धागाकर्ती

फळ नाही आलं तरी हे रोप मला जगवायचंच आहे. या आठवड्यात कुंडीत लावते, शेंडा नवी पानं आल्यावर. फक्त ते गुंडाळलेलं मूळ सरळ करून लावू का?

प्रतिसाद १

ओढून सरळ करू नका. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, चटकन तुटतात. रोप कुंडीत अधांतरी धरा, मूळ जसं सैल पसरेल तसं पसरू द्या आणि बाजूने माती हलकेच सोडा. वरून दाबू नका, पाण्यानेच बसेल. सुरुवातीचे काही दिवस थेट ऊन नको.