मॉडेल समोर ठेवून काढलेले लढाऊ विमान खोटे ठरते का?

गगनरेखा (धागाकर्ता)

1971 मध्ये बंगालच्या सीमेवर बोयरा येथे झालेल्या हवाई लढाईवरील एका तैलचित्राखाली परवा एका सदस्याने लिहिले की, प्लास्टिकचे मॉडेल समोर ठेवणारा चित्रकार विमानाचे नव्हे, खेळण्याचे चित्र काढतो आणि त्याला ऐतिहासिक म्हणणे ही फसवणूक आहे. ते चित्र माझे नाही. परंतु मीही मॉडेलांवरूनच काम करतो, म्हणून सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

22 नोव्हेंबर 1971 रोजी दुपारी तीनच्या सुमारास दमदमहून उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या चार नॅट लढाऊ विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठले, तेव्हा शेजारून कोणी रंगीत छायाचित्रे घेत नव्हते. विमानाच्या तोफांबरोबर चालणाऱ्या गनकॅमेऱ्याची धूसर कृष्णधवल चित्रे सोडली तर त्या क्षणाचा दृश्य पुरावा जवळजवळ नाही. मग पोट दाखवत वळणाऱ्या नॅटवर ऊन कोठे पडले आणि शेपटीची सावली कोठवर गेली, हे चित्रकाराने ठरवायचे कसे? संग्रहालयातील विमान तीन चाकांवर उभे असते, ते कोणी आपल्यासाठी कलते करून देत नाही. त्या तारखेला, त्या ठिकाणी, तीन वाजता सूर्य नैर्ऋत्येस क्षितिजापासून साधारण 20 अंशांवर असतो, हे गणिताने निघते. गच्चीवर सूर्य तेवढ्याच उंचीवर उतरेपर्यंत थांबावे, मॉडेल हव्या त्या कलात धरावे आणि सावल्या टिपून घ्याव्यात. टेबलावरचा दिवा येथे चालत नाही, कारण जवळच्या दिव्याच्या सावल्या पसरत जातात, तर सूर्याचे किरण व्यवहारात समांतर असतात. खाली पिवळसर हिरवे कापड अंथरले, तर पिकत आलेल्या भातशेतीवरून परतणारा उजेड पंखांच्या खालच्या बाजूवर कसा चढतो, तेही समजते.

मॉडेलवरून केलेली चित्रे पुष्कळदा खेळण्यासारखी दिसतात, हे मला मान्य आहे. पण तो दोष मॉडेलचा नसून अंतराचा आहे. नॅटचा पंखविस्तार सुमारे 6.7 मीटर, म्हणजे 1:72 च्या, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या, मॉडेलमध्ये 9 सेंटीमीटरांहून किंचित अधिक. मोबाइलने 20 सेंटीमीटरांवरून त्याचे छायाचित्र घेतले की आपण खऱ्या विमानापासून 14 मीटरांवर उभे राहिलो. जवळचा पंख अवाढव्य आणि शेपूट चिमुकले दिसणारच. शंभर मीटरांवरून पाहिल्यासारखे यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) हवे असेल, तर मॉडेलपासून 1.4 मीटर मागे जावे लागते. अमेरिकी नौदलाने 1942 मध्ये शाळकरी मुलांकडून 1:72 ची मॉडेले मोठ्या संख्येने करून घेतली आणि सैनिकांना विमाने ओळखायला शिकवले, ते याच हिशेबावर: 35 फुटांवरचे मॉडेल जवळपास अर्ध्या मैलावरील विमानाएवढे दिसते. ज्याच्या आधारावर शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते हे ठरवले जात होते, ते चित्रकाराच्या हाती आले की खेळणे कसे होते?

कृष्णधवल

तो शेरा माझा होता आणि तो मी मागे घेत नाही. सावल्यांचे गणित चांगले आहे, परंतु त्या ज्या पृष्ठभागावर पडतात त्याचे काय? 1:72 च्या मॉडेलवर पत्र्यांच्या जोडाची रेषा 0.2 मिलिमीटर रुंद कोरलेली असेल, तर खऱ्या विमानावर तो 14 मिलिमीटर रुंदीचा चर होतो. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्यावर ती 36 मिलिमीटर भरते. मी ज्या चित्राविषयी लिहिले त्यात प्रत्येक पत्र्याभोवती काळी रेघ आहे, जणू विमानाला स्वयंपाकघरातील फरशी बसवली आहे. ही रेघ बोयराच्या आकाशात नव्हती. ती साच्यातून आली आणि चित्रकाराने निमूटपणे उतरवून घेतली.

दुसरे असे की, लहान मॉडेल लांबून पाहिल्यासारखे वाटावे म्हणून अनेक मॉडेलकार मूळ रंगात पांढरा मिसळून तो आधीच फिका करतात. चित्रकार तो फिका रंग जसाच्या तसा घेतो आणि हवेतील धूसरपणासाठी त्यावर आणखी पांढरा चढवतो, म्हणजे एकच अंतर दोनदा मोजले जाते.

तीन दृश्ये

मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही: मॉडेल कोणत्या नॅटचे? वर्षानुवर्षे सहज मिळत आलेले किट (मॉडेलच्या सुट्या भागांचा संच) रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरत पथकाच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचे, म्हणजे टी.1 चे आहे. त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ एकासनी लढाऊ नॅटपेक्षा बरेच जास्त आहे, धड लांब आहे आणि फ्लॅप व एलेरॉन या पंखांच्या हलत्या भागांची मांडणीही निराळी आहे. त्यावर हिरवा रंग फासला म्हणून ते 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर लढलेले परमवीरचक्रप्राप्त वैमानिक निर्मलजितसिंग सेखों यांचे विमान होत नाही.

एका स्पर्धेत मी आराखड्यांवरून बिंदू प्रक्षेपित करून, महिनोन्महिने खपून नॅटचे चित्र केले होते. परीक्षकांनी त्याला “निर्जीव” म्हटले आणि ज्या चित्राला बक्षीस दिले त्यात सेखों टी.1 च्या पंखांवर उडत होते. कीथ फेरिस यांनी 1976 मध्ये वॉशिंग्टनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयात बी-17 या बॉम्बफेकी विमानाचे 75 फुटी भित्तिचित्र पूर्ण केले. आराखड्यावरून यथादर्शन बांधण्याच्या पद्धतीचे ते ख्यातनाम पुरस्कर्ते आहेत. आमच्या परीक्षकांनी बहुधा त्यांनाही उत्तेजनार्थ दिले असते.

गगनरेखा

स्पर्धेची हकिकत आपण यापूर्वीही सांगितलेली आहे. चुकीचे किट निवडणे हा निवडणाऱ्याचा दोष आहे. आराखडे तरी कोठून येतात? तेही कोणीतरी छायाचित्रे आणि मोजमापे जुळवून बेतलेले असतात आणि अनेक किटे त्याच आराखड्यांवरून तयार होतात. प्रक्षेपणातून आकार मिळतो. उजेड मिळत नाही, आणि माझा सगळा मुद्दा उजेडाचा आहे.

माजी फिटर

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. आपण सर्व जण विमान ही ताठ, बंद वस्तू समजून बोलत आहात. नॅटची चाके थोडी खाली सोडली की चाकांची दारेच एअरब्रेकचे, म्हणजे हवा अडवून वेग कमी करण्याचे, काम करीत. त्यामुळे लढताना वेग कमी करणाऱ्या नॅटचे पोट गुळगुळीतच असेल असे नाही. सेबर वेग गमावून घट्ट वळण घेऊ लागले की पंखांच्या पुढच्या कडेचे स्लॅट (हलत्या पट्ट्या) आपोआप बाहेर येत. आपल्या किटांत हे सारे बंद असते आणि म्हणून चित्रातही बंद असते.

रंगाविषयी तर बोलूच नये. आमच्या तळावर 1971 मध्ये विमानांवर छद्मावरण (शत्रूच्या नजरेपासून लपवणारा रंग) चढवले, ते भांडारात जे होते ते मिसळून, मोठ्या ब्रशांनी, रात्री हँगरमध्ये. दोन विमाने एकसारखी नव्हती. आपण रंगाच्या डबीवरील क्रमांकावरून भांडता, याची गंमत वाटते.

कृष्णधवल

साहेब, आदर राखून विचारतो: ती विमाने नॅट होती का?

माजी फिटर

मिग-21 होती.

कृष्णधवल

मग बोयराच्या नॅटविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, रात्रीच्या दिव्यात, दुसऱ्याच जातीच्या विमानावर पाहिलेला हिरवा रंग हा पुरावा नव्हे, आठवण आहे.

माजी फिटर

आठवण आहेच, कारण तो रंग नखांतून निघायला बरेच दिवस लागले होते. मी पंखावर उभा राहून ब्रश चालवत होतो, त्या वर्षी आपला जन्म तरी झाला होता का, तेवढे कळवावे.

कृष्णधवल

माझ्या जन्मतारखेने नॅटचा रंग बदलत नाही.

तीन दृश्ये

तळांच्या प्रवेशद्वारांशी खांबांवर बसवलेली नॅट विमाने पाहून रंग ठरवणारेही येथे आहेत. त्या विमानांवर निवृत्तीनंतर किती थर चढले आहेत, हे खरवडल्याशिवाय कळणार नाही. ज्यांना मूळ वस्तूच पाहायची आहे त्यांनी कराचीला जावे. सप्टेंबर 1965 मध्ये पाकिस्तानातील पसरूरला उतरलेले आपले नॅट तेथील संग्रहालयात उभे आहे.

जलरंगवाली

आपण तिघे ज्या गोष्टीवरून भांडत आहात तिच्यातून एकच निष्कर्ष निघतो आणि तो कोणालाच नको आहे, असे दिसते. गनकॅमेऱ्याची फीत कृष्णधवल आहे; त्यात विशिष्ट हिरवा आणि विशिष्ट तपकिरी एकाच करड्या छटेत येऊ शकतात. फिटरकाकांचे म्हणणे खरे मानले तर प्रत्येक विमान निराळे होते आणि खोटे मानले तरी आपल्याकडे दुसरा साक्षीदार नाही. अशा वेळी रंगवलेले मॉडेल हा सर्वांत वाईट संदर्भ ठरतो, कारण तो अनिश्चित गोष्ट निश्चित करून दाखवतो आणि चित्रकार पुढे प्रश्न विचारणे सोडून देतो.

मी मॉडेल जुळवते, जोडाच्या रेषा पुट्टीने भरून टाकते आणि सर्वभर एकच करडा, चमक नसलेला रंग देते. त्यावर प्रकाश आणि छाया स्वच्छ दिसतात, आकार हाताशी राहतो आणि रंगाचा शोध वेगळा घ्यावा लागतो. उघड्या धातूच्या विमानासाठी मात्र हाही उपाय अपुरा आहे. पत्रा वरून आकाश आणि खालून जमीन परावर्तित करतो, ते ना करड्या रंगात दिसते ना चंदेरी रंगात. तेथे मी वाकवलेला चकचकीत पत्रा उन्हात धरून पाहते. आणि गगनरेखा यांनी चौदा मीटर आणि शंभर मीटर यांचा जो हिशेब दिला, तो येथील निम्म्या चित्रांखाली चिकटवावा.

कृष्णधवल

करड्या मॉडेलला माझा आक्षेप नाही. ते वापरणाऱ्याला रंगासाठी स्वतः खपावे लागेल, आणि एवढे खपणारे चित्रकार किती आहेत, ते टी.1 च्या पंखांवर उडणाऱ्या सेखोंवरून दिसलेच आहे. माझ्या शेऱ्यातील “फसवणूक” सभासदांनी हवी तर “आळस” अशी वाचावी.

तीन दृश्ये

टी.1 च्या पंखांचा मुद्दा माझा होता.

गगनरेखा

जोडाच्या रेषा भरण्याची सूचना मी घेतो. त्या रेषांचा मुद्दा कृष्णधवल यांनी काढला नसता तर ती अधिक आनंदाने घेतली असती. फिटरसाहेब, रंगाचे राहू द्या. नॅटची दारे एअरब्रेक म्हणून वापरताना नेमकी किती अंशांत उघडत? मॉडेलची दारे कापून त्या स्थितीत बसवण्याचा माझा विचार आहे.

माजी फिटर

मी मिग-21 वर होतो, हे वर लिहिले आहे. कृष्णधवल यांनी ते आपल्यासाठी मुद्दाम विचारूनही घेतले होते.