बत्तीस स्केलचा मारुत: नुसता मागायचा, की कसा हवा तेही सांगायचं?

शेपूटजड

जोडायच्या प्लास्टिक मॉडेल-विमानांत १/३२ मध्ये (खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या मापात) पुढे काय यावं याची चर्चा निघाली की आपण विमानांची नावं घेतो आणि थांबतो. किट कसा असावा हे कोणी मागत नाही. मी दोन्ही मागतो. विमान एचएफ-२४ मारुत, भारतीय हवाई दलाचं जुनं लढाऊ जेट. किट १२० ते १५० भागांचा, सगळी झाकणं बंद, इंजिन नाही. कॉकपिट आणि चाकांच्या खोबणी मात्र खणखणीत हव्यात.

मारुतच का? जर्मन अभियंता कुर्ट टँकचं डिझाइन, एचएएलची बांधणी, पहिलं उड्डाण १७ जून १९६१, एकूण १४७ विमानं, १०, ३१ आणि २२० क्रमांकाच्या स्क्वाड्रन, १९७१ ची लढाई. एवढं असून एकाही मोठ्या कंपनीने १/३२ मध्ये त्याचा प्लास्टिक किट काढलेला नाही.

शिवाय हे विमान घरात मावतं. खरी लांबी १५.८७ मीटर, म्हणजे मॉडेल ४९.६ सेंमी. पंखांची रुंदी ९ मीटर, म्हणजे २८ सेंमी. पुस्तकांच्या कपाटाची खोली साधारण ३० सेंमी असते, मारुत त्यात आडवा सरळ बसतो. त्याच स्केलचा लँकेस्टर बॉम्बर ९७ सेंमी रुंद, बी-१७ जवळजवळ ९९. ती कुठे ठेवणार, पंख्याला टांगणार?

इंजिन नको, कारण मारुतची दोन्ही ऑर्फियस इंजिनं धडाच्या पोटात शेजारी शेजारी झोपलेली आहेत. बाहेरून दिसतात ती दोन हवातोंडं आणि मागची दोन नळकांडी. हवातोंडातून आत कॉम्प्रेसरच्या पात्यांपर्यंत जाणारा सांधा नसलेला बोगदा द्या, मागे खोल नळ्या द्या. बस.

रिव्हेटमोजणी

साफ असहमत. झाकणं बंदच ठेवायची असतील तर १/४८ घ्या. बत्तीसमध्ये पृष्ठभाग सव्वादोनपट आणि आकारमान जवळजवळ साडेतीनपट होतं. एवढी जागा मिळवायची आणि आत पोकळ डबा ठेवायचा?

तामियाचा २००९ चा स्पिटफायर नववा पाहा. मर्लिन इंजिन पूर्ण, काउलिंग (इंजिनावरचं झाकण) चुंबकांवर, काढा-घाला. तरी जुळणी अशी की पुट्टीची डबी उघडावी लागत नाही. दोष इंजिन देण्यात नाही, मापातली अचूकता न सांभाळण्यात आहे. मारुतच्या नाकात चार ३० मिमी एडन तोफा आहेत, पोटात ५० रॉकेटांचा खाली उतरणारा पॅक आहे. हे उघडं दाखवायला नको?

शेपूटजड

@रिव्हेटमोजणी, तामियाचं उदाहरण बरोबर, पण तो अपवाद आहे. एअरफिक्सचा १/२४ टायफून घ्या. आतला सांगाडा, इंजिन, तोफांचे कप्पे, सगळं एकावर एक रचत बाहेरच्या कातडीपर्यंत यायचं. प्रायमर आणि रंग मिळून एका पृष्ठभागावर ०.०५ मिमीचा थर धरा. एका सांध्यात दोन पृष्ठभाग, असे चार सांधे रांगेत आले की ०.४ मिमी वाढले. मग काउलिंग बसत नाही, लोक किटला शिव्या घालतात. सांध्याचे पृष्ठभाग मास्क करून उघडे ठेवले, खाचा सुरीने खरवडल्या, प्रत्येक टप्प्याला कातडी कोरडी लावून पाहिली तर जमतं. पण ही सूचना पत्रिकेत ठळक छापलेली नसते.

उलट उदाहरण न्यूझीलंडचं घेऊ. कोटारेचा स्पिटफायर मार्क वन. तिथल्याच, आता बंद पडलेल्या विंगनट कंपनीची माणसं, पण त्यांनी इंजिन दिलं नाही. कॉकपिट बघा आणि सांगा कमतरता कुठे आहे.

तोफांचा मुद्दा मात्र मान्य. नाकावरची एक पट्टी वेगळी द्या, आत तोफा हव्या त्याला त्या रेझिनमध्ये मिळतील.

जकातनाका

दोघंही हवेत बोलताय. किट कोण विकत घेणार ते आधी बोला.

स्केल मॉडेल ९५०३ या शीर्षकात येतात, खेळण्यांबरोबर. मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. त्यावर बाकीचे कर वेगळे. खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. तो १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. खोक्यावर १४+ छापलेलं असलं तरी शुल्क शीर्षकाला लागतं, वयाला नाही. या दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात.

आता कुरिअर. वजन किलोवर नाही, खोक्याच्या मापावर. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. ७० × ४५ × १५ सेंमीचा खोका म्हणजे ९.४५ किलो, आत प्लास्टिक दीड किलो का असेना. मारुतचा खोका ५२ × ३५ × १० मध्ये बसवला तर ३.६४ किलो. म्हणजे शेपूटजड यांचा कमी भागांचा हट्ट सौंदर्यशास्त्रापेक्षा इथे जास्त कामाचा आहे, आणि खुद्द त्यांनी तो मुद्दा मांडलाच नाही!

पण विकत घेणारे मुख्यतः भारतीय, आणि भारतीयालाच तो सगळ्यात महाग. कंपनी हे गणित करते. मागायचं तर एकाच साच्यातून दोन खोके निघतील असं मागा: एक आसनी मार्क १ आणि दोन आसनी मार्क १टी. पुढच्या धडाचा स्प्रू (भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) वेगळा, बाकी सगळं तेच.

स्प्रूकाप्या

मारुत येणार नाही हो. घोषणा झाली तरी किट हातात पडेपर्यंत धरू नये. विंगनटचा लँकेस्टर जाहीर झाला, नमुने दिसले, आणि २०२० मध्ये कंपनीच बंद. त्याचे साचे बॉर्डर मॉडेल कंपनीकडे गेले, फोकर डीआर.१ चे मेंग कंपनीकडे. म्हणजे मॉडेल आलं, पण वेगळ्या नावाने.

त्यापेक्षा बाजारात आहे त्यातून भारतीय विमान काढा. ट्रम्पेटरचा १/३२ मिग-२१ एमएफ आपल्या टाइप ९६ ला, म्हणजे मिग-२१एम ला, फार जवळ आहे. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) आणि रंग बदलले की बहुतेक काम संपलं.

मिग-२१ एफएल, म्हणजे टाइप ७७ हवा असेल तर मेहनत आहे:

– पाठीचा कणा एमएफपेक्षा सडपातळ. किटचा कणा कापून ०.५ मिमी स्टायरीनच्या (किटच्याच प्लास्टिकच्या) पट्ट्यांवर नवा रचावा लागतो. नुसतं घासून खाली आणलं तर प्लास्टिक पातळ होऊन आरपार जातं, म्हणून आधी आतून मिलिपुट (इपॉक्सी पुट्टी) भरा, २४ तास ठेवा, मग घासा.
– पोटातली जीएसएच-२३ तोफ आणि तिचा फुगवटा काढा. एफएलमध्ये आतली तोफ नव्हती.
– पंखांखालचे बाहेरचे दोन पायलन (शस्त्रं टांगायच्या जागा) वगळा, भोकं बुजवा. एफएलला दोनच.
– नाकावरची पिटो नळी (वेग मोजणारी) मध्यरेषेवर वर आणा, एमएफमध्ये ती उजवीकडे सरकलेली आहे.
– कॅनपी, म्हणजे वैमानिकावरची काच. इथे खरी गोम आहे. एफएलची एकसंध आणि पुढे बिजागर असलेली, एमएफची पुढची काच स्थिर आणि मागचा भाग बाजूला उघडणारा. लाकडी ठोकळा कोरून १ मिमी पीईटीजी (पारदर्शक प्लास्टिक) गरम करून त्यावर ओढावा लागतो.

शेपूटजड

@स्प्रूकाप्या, यादी उत्तम. आणि तीच माझा मुद्दा सिद्ध करते. मिगच्या बाबतीत कापाकापी शक्य आहे, कारण मुळात काहीतरी आहे. मारुत कशातून कापणार? एरिया रूलमुळे (हवेचा विरोध कमी करायला पंखांजवळ धड आवळण्याचा नियम) आलेली मारुतची बारीक कंबर दुसऱ्या विमानाच्या किटमधून काढता येत नाही.

राळ_आणि_ऊन

मग छापा की. थ्रीडी प्रिंट. मोठ्या कंपनीची वाट कशाला?

धड ४९.६ सेंमी, मध्यम रेझिन प्रिंटरचा छपाईचा पत्रा साधारण २० सेंमी लांब. तीन तुकडे. कापायची जागा पॅनेल लाइनवर (पत्र्यांच्या सांध्याच्या रेघेवर) घ्या, सांध्यात २ मिमी खोल कंगोरा ठेवा. भिंत २.५ मिमी, थर ०.०५ मिमी, तुकडा ४० ते ४५ अंशात तिरका. उभा ठेवला तर वळणावर पायऱ्या कमी दिसतात, पण छपाईचे तास वाढतात.

रिव्हेटमोजणी

छापा, पण काय बिघडतं तेही सांगा.

पोकळ तुकड्याच्या आत न सुकलेलं रेझिन अडकतं. बाहेर येण्यासाठी किमान दोन भोकं ठेवली नाहीत, आत आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) नीट धुतलं नाही आणि आतूनही यूव्ही दाखवला नाही, तर काही महिन्यांनी तेच रेझिन सांध्यातून पाझरतं आणि रंग उचलून धरतं. तडे जातात. त्यावर पुट्टी मारणं व्यर्थ, तो भाग उघडून धुवावाच लागतो.

दुसरं, पंख. रेझिन उष्णतेत स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकतं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेला पंख सरळ राहील ही आशा सोडा. धडातून आरपार जाणारी ३ मिमी पितळी नळी आधीच डिझाइनमध्ये घाला, नंतर ड्रिल मारून ती सरळ बसत नाही.

पारदर्शक रेझिनची कॅनपी पिवळी पडते. ती ओढीव पीईटीजीचीच करा.

आणि वजन. जड मागचं धड, पोकळ नाक, तीन चाकी गिअर. शेपटीवर बसणार. (धागाकर्त्यांचं नाव उगाच नाही.) मुख्य चाकांच्या पुढे वजन घालायचं, टायर बॅलन्सिंगच्या शिशाच्या पट्ट्या स्वस्त आणि चपट्या असतात. किती, ते आकड्यात विचारू नका. धड, पंख, शेपूट टेपने जोडा, मुख्य चाकांच्या जागी पेन्सिल आडवी धरा आणि नाक खाली जाईपर्यंत वाढवा, वर १५ टक्के जास्त. मग पुढचा पाय पांढऱ्या धातूचा असेल तर तो वाकतो, तिथे १ मिमी स्टील वायर हवी.

राळ_आणि_ऊन

हे सगळं खरं आहे. पण यातली निम्मी दुखणी प्लास्टिक किटलाही आहेत.

स्प्रूकाप्या

पृष्ठभागाबद्दल कोणीच बोललं नाही. मारुत आला आणि त्यावर ट्रम्पेटरच्या जुन्या किटांसारखी रिव्हेटची चाळण केली तर काय करायचं? ०.४ मिमीचं भोक म्हणजे खऱ्या विमानावर १२.८ मिमी. तेवढ्याने बोट आत जाईल. बुडीत रिव्हेटचं डोकं ५-६ मिमी धरलं तर मॉडेलवर ०.१७ मिमी, तेही खोलगट नाही, नुसती खूण. पॅनेल लाइन ०.३ मिमी असेल तर ती खऱ्या मापात सेंटिमीटरभर फट. मागणीपत्रात हे आधी घाला.

आणि रबरी टायर बंद करा. मऊ व्हिनाइलमधला द्रव पदार्थ स्टायरीनमध्ये उतरतो आणि चाकाचा रिम वितळतो. रिमला आधी रंगाचा किंवा वॉर्निशचा पूर्ण थर दिला तर थोडं लांबतं, थांबत नाही. प्लास्टिकचे, वजनाने किंचित दबलेले टायर द्या.

जकातनाका

बरोबर. डेकलचं काय? बत्तीसमध्ये भगवा-पांढरा-हिरवा गोल मोठा होतो, फिल्म चमकते आणि पावसाळ्यात साठवलेल्या डेकलशीट पिवळट होतात. किटमध्ये गोलांसाठी मास्क द्यावेत आणि डेकल फक्त आकडे, अक्षरं, सूचनांपुरते. रंगवण्याचा क्रम: आधी पांढरा पूर्ण गोल, मग मधला हिरवा, शेवटी बाहेरचा भगवा. भगवा थेट करड्यावर मारला तर विटकरी दिसतो.

आणि रंग मागवणारे सावध. लॅकर आणि त्याचं थिनर ज्वलनशील, विमान टपालाने सहसा येत नाही. इथलं एनसी थिनर वापरायचंच तर एअरब्रशने कोरडे, पातळ थर. ओला थर स्टायरीनला जाळीदार तडे देतो, आणि ते प्रायमरखाली लपत नाहीत.

शेपूटजड

आता मागणी अशी लिहितो: १/३२, मार्क १ आणि १टी एका साच्यातून, १५० च्या आत भाग, बंद झाकणं, नाकाची पट्टी वेगळी, आत स्टील वायरचा पुढचा पाय, प्लास्टिक टायर, गोलांचे मास्क. @रिव्हेटमोजणी?

रिव्हेटमोजणी

रॉकेट पॅक खाली उतरलेला पर्याय म्हणून द्या, तर सही करतो. इंजिनावर मी माझं मत बदललेलं नाही.

राळ_आणि_ऊन

कंपनी पहिला प्रश्न विचारेल: आकार कुठून घ्यायचा? छापील रेखाचित्रांत कंबरेचा भाग बऱ्याचदा सरळ काढलेला असतो. खरी विमानं आहेत: वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, पुण्याचं कमला नेहरू उद्यान, जर्मनीत श्लाइसहाइमचं दॉइचेस म्युझियम. त्यांच्या फोटोंवरून सॉफ्टवेअरने थ्रीडी आकार काढायचा. ढगाळ दिवस निवडा, चकचकीत रंगावर ऊन पडलं की सॉफ्टवेअर गोंधळतं. १५० ते २०० फोटो, प्रत्येकात मागच्या फोटोचा ६०-७० टक्के भाग पुन्हा यायला हवा, आणि जमिनीवर एक मीटरची पट्टी सगळीकडे दिसेल अशी. तीन उंचींवरून फेरी: गुडघा, छाती, डोक्यावर काठीने.

स्प्रूकाप्या

कंबरेच्या जागी धडाचा आडवा छेद वेगळा घ्या. ओळंबा सोडा, त्यापासून दर १० सेंमी उंचीवर धडापर्यंतचं अंतर लेझर मीटरने मोजा. फोटोंतून काढलेला आकार तिथेच सगळ्यात जास्त चुकतो, कारण पंखाच्या मुळाखाली सावली असते. पाय आणि टायर प्रदर्शनात दबलेले किंवा टेकूवर असतात, त्यामुळे जमिनीपासूनची उंची त्यावरून घेऊ नका.

जकातनाका

उद्यानात ओळंबा आणि काठी घेऊन जायचं तर आधी लेखी परवानगी काढा, रखवालदार काठी बघूनच अडवतो.